मांडव उतरल्यानंतरचे माजी विद्यार्थी

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत गेल्या काही वर्षांत शिक्षणसंस्थांच्या वर्धापनांची रीघ लागली. २०१९ मध्ये सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयाला शंभर वर्षे झाली आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला रयत शिक्षण संस्थेनेही शंभरी गाठली. २०२१ मध्ये साताऱ्याचे सैनिक स्कूल, म्हणजे देशातली पहिली सैनिक शाळा, साठ वर्षांचे झाले. पुढच्याच वर्षी साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज आणि सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय पंचाहत्तरीला पोचले, आणि या दोन जिल्ह्यांतली बहुतेक महाविद्यालये ज्याच्याशी जोडलेली आहेत त्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला साठ वर्षे पूर्ण झाली. याशिवाय दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुटीत गावोगावच्या हायस्कुलांत दहावीच्या जुन्या बॅच जमतात. प्रार्थना होते, हजेरी घेतली जाते, निवृत्त गुरुजनांना शाल-श्रीफळ दिले जाते, शाळेला एखादे पाणी शुद्ध करण्याचे यंत्र भेट मिळते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या जिल्हा पुरवणीत 'पंचवीस वर्षांनी भरला वर्ग' अशी बातमी येते. या सगळ्याकडे केवळ हौस म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. माणसे खर्च करून, रजा काढून येतात ती खऱ्या ओढीने. प्रश्न आहे तो संस्थांचा. एवढी ओढ दारात येऊन उभी राहते तेव्हा संस्था तिचे काय करते? माझे म्हणणे असे की मेळाव्याचे मोल गर्दीवर, देणगीच्या आकड्यावर किंवा व्यासपीठावरच्या नावांवर ठरू नये. आपल्या सगळ्या माजी विद्यार्थ्यांची नोंद संस्थेने किती ठेवली आणि संस्थेच्या कारभारात बोलण्याची जागा त्यांना किती दिली, यावर ते ठरावे. या कसोटीवर आपल्याकडचे बहुतेक सोहळे उणे पडतात, आणि ज्या भागात माजी विद्यार्थ्यांनीच संस्था उभ्या केल्या त्या भागात हे होते, याचे दुःख अधिक आहे.

१९१९ हे साल या दृष्टीने मुद्दाम पाहण्यासारखे आहे. सांगली आणि मिरज यांच्या मधल्या विश्रामबागेत डेक्कन एज्युकेशन सोसायटीने विलिंग्डन काढले, ते दक्षिण महाराष्ट्रातल्या मुलांना उच्च शिक्षणासाठी दरवेळी पुणे-मुंबई गाठावी लागू नये म्हणून. पुण्याच्या फर्ग्युसनची परंपरा, अल्प वेतनावर आयुष्य देणारे आजीव सदस्य, गोविंद चिमणाजी भाटे यांच्यासारखे व्यासंगी प्राचार्य, असा त्याचा पाया होता. त्याच वर्षी कराडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. तिच्यामागे सोसायटी नव्हती, संस्थानिकांचा आश्रय नव्हता. शेतकऱ्याघरची मूठमूठ धान्याची वर्गणी आणि पत्नी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने, एवढेच भांडवल. संस्थेची सुरुवातीची पावले काले आणि नेर्ले अशा गावांत पडली. आज त्यातले एक सातारा जिल्ह्यात आहे आणि दुसरे सांगलीत. तेव्हा जिल्हा एकच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. १९२४ मध्ये संस्था साताऱ्याला आली, सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवणारे वसतिगृह सुरू झाले आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला राजर्षी शाहू छत्रपतींचे नाव मिळाले. या वसतिगृहातली मुले धान्य दळत, स्वयंपाक करत, दगड फोडत आणि शिकत. पुढे १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले तेव्हा 'कमवा आणि शिका' ही त्याची ओळखच ठरली.

दोन्ही संस्थांचे मार्ग वेगळे असले तरी एका गोष्टीत त्या सारख्या होत्या. त्यांचा माजी विद्यार्थी परत येत असे, तो पाहुणा म्हणून नव्हे, राबायला. भाऊरावांच्या वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर होऊन आले, छत्रपती शिवाजी कॉलेजचे प्राचार्य झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू. वाळवा तालुक्यातल्या ढवळीचे एन. डी. पाटील याच कॉलेजात प्राध्यापक आणि 'कमवा आणि शिका'चे प्रमुख होते, इस्लामपूरच्या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि नंतर प्रदीर्घ काळ रयत शिक्षण संस्थेचे चेअरमन राहिले. ही मोठी नावे सांगितली ती सर्वांना ठाऊक आहेत म्हणून. त्यांच्यामागे आडगावच्या शाखेत मुख्याध्यापक म्हणून आयुष्य काढलेल्या शेकडो लाइफ मेंबरांची आणि रयत सेवकांची फळी होती. आज संस्थेच्या सातशेहून अधिक शाखा आहेत, त्या या फळीमुळे. ज्याने भिंतीला दगड लावला त्याला ती भिंत परकी वाटत नाही. माजी विद्यार्थ्याचे नाते म्हणजे काय, याची या भागाने घालून दिलेली रीत ही आहे, आणि आजच्या मेळाव्यांची तुलना तिच्याशी व्हायला हवी. परदेशातल्या विद्यापीठांचे कौतुक करण्याआधी घरचे माप हाताशी असावे.

मग हे नाते सैल का झाले? याला कोणाचा एकट्याचा दोष देता येत नाही. एक कारण चांगलेच आहे. शिक्षकांचे पगार सरकारी अनुदानातून मिळू लागले, नेमणुका नियमांनी होऊ लागल्या, आणि संस्थेवर जीव टाकणाऱ्या जुन्या विद्यार्थ्यालाच शिक्षक करावे ही गरज उरली नाही. शिक्षकाला पोटभर पगार मिळू लागला, यात वाईट काही नाही. दुसरे कारण १९८३ नंतरचे. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि सातारा-सांगलीत खाजगी तंत्रशिक्षण झपाट्याने वाढले. हजारो शेतकऱ्यांची मुले त्यामुळे इंजिनिअर झाली. मात्र पूर्ण शुल्क भरून शिकलेल्या मुलाच्या मनात, मी संस्थेचे देणे लागतो, ही भावना सहजी उपजत नाही. त्याचा हिशेब पदवीच्या दिवशीच चुकता झालेला असतो. तिसरे कारण विद्यापीठांच्या फेररचनेचे. छत्रपती शिवाजी कॉलेजचेच पाहा. पहिल्या वर्गांतली मुले मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेला बसली. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ आले. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ. आणि २०२१ पासून हे कॉलेज कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ या समूह विद्यापीठाचा भाग आहे. एकाच इमारतीत शिकलेल्या चार पिढ्यांच्या पदवीपत्रांवर चार विद्यापीठांची नावे. अशा ठिकाणी विद्यापीठाच्या नावाने हाक मारून कोणी येणार नाही. इथला जिव्हाळा कॉलेजशी, वसतिगृहाशी, फार तर एखाद्या सरांशी असतो. त्यामुळे विद्यापीठ पातळीवरचे भव्य माजी विद्यार्थी पोर्टल काढून हे काम होईल, असे समजणे चुकीचे आहे.

सध्या महाविद्यालयांना माजी विद्यार्थ्यांची आठवण करून देणारी सर्वांत मोठी शक्ती म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेचे, अर्थात नॅकचे, मूल्यांकन. आजवरच्या आराखड्यात एकूण हजार गुणांपैकी दहा गुण माजी विद्यार्थ्यांच्या सहभागासाठी ठेवलेले आहेत, आणि त्यात संघाची नोंदणी आणि संघाचे आर्थिक किंवा अन्य योगदान पाहिले जाते. या दहा गुणांनी एक उपकार केला. ज्या महाविद्यालयांत माजी विद्यार्थी संघ नावालाही नव्हता तिथे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली संघ नोंदले गेले, निदान कागदावर घटना लिहिली गेली. पण ज्या गोष्टीला गुण मिळतात तीच गोष्ट केली जाते, हेही खरे. सभेचे इतिवृत्त, मेळाव्याची छायाचित्रे आणि देणगीच्या पावत्या फाइलला लागल्या की निकष पूर्ण होतो. मूल्यांकन समिती परत गेल्यावर संघाची सभा होते का, कार्यकारिणी बदलली तर धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल होतो का, हिशेब तपासला जातो का, याची चौकशी कोणी करत नाही. पाच वर्षांनी पुढचे मूल्यांकन जवळ आले की जुना मोबाइल क्रमांक शोधण्याची धावपळ पुन्हा सुरू होते. संघ जिवंत आहे की नाही याची खूण दहा गुणांत मावत नाही. ती नोंदवहीत दिसते.

म्हणून नोंदीचा विचार थोडा खोलात जाऊन करायला हवा. शाळा-महाविद्यालयांचे जनरल रजिस्टर हा मोठा मोलाचा दस्तऐवज आहे. आडव्या रेघेवर एका मुलाचे आयुष्य मांडलेले असते: पूर्ण नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी व अक्षरी, पूर्वीची शाळा, प्रवेशाची तारीख, प्रगती, वर्तणूक, सोडल्याची तारीख, सोडल्याचे कारण आणि शेवटी शेरा. साताऱ्याच्या राजवाड्यातल्या सरकारी इंग्रजी शाळेच्या, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या, अशाच रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला १९१४ क्रमांकापुढे भिवा रामजी आंबेडकर हे नाव आहे. त्या एका ओळीमुळे राज्य सरकारने २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस ठरवला. रजिस्टर जपले म्हणून ती ओळ सापडली. त्या दिवशी ती लिहिणाऱ्याला हा मुलगा पुढे कोण होणार हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याने सगळ्यांसारखीच त्याचीही नोंद केली. यातच माझा मुद्दा आहे. नोंद सगळ्यांची ठेवावी लागते. आमचे माजी विद्यार्थी म्हणून पाच-दहा जिल्हाधिकाऱ्यांची, आमदारांची आणि उद्योजकांची छायाचित्रे दर्शनी भिंतीवर लावली की उरलेल्या हजारोंना कळून चुकते की संस्थेच्या लेखी आपण नाही.

आणि हे उरलेले कोण आहेत? 'सोडल्याचे कारण' या रकान्यात 'सतत गैरहजर' किंवा 'पालकांची बदली' असे लिहून ज्यांचा माग सुटला ते. माणदेशातल्या, खानापूर-आटपाडीच्या गलाई व्यावसायिकांची कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर विखुरली आहेत. त्यांतल्या कित्येकांचे शिक्षण इथल्याच हायस्कुलांत आणि कॉलेजांत झाले. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्यासारख्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात गेलेली माणसे आहेत. मुंबईच्या गिरण्यांत आणि बंदरात गेलेले चाकरमानी आहेत. या लोकांना संस्था शोधत नसली तरी गाव शोधते. यात्रेची वर्गणी मुंबईच्या ग्रामस्थ मंडळामार्फत बिनचूक गोळा होते आणि तिचा हिशेब चावडीसमोर वाचला जातो. म्हणजे माणसे सापडत नाहीत ही सबब इथे टिकत नाही. सर्वांत मोठी गळती मुलींची आहे. रजिस्टरात माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे. गाव बदललेले, फोन नवऱ्याच्या नावावर. पंचवीस वर्षांनी बॅच जमते तेव्हा मुलांनी मुलांना शोधलेले असते आणि वर्गातल्या निम्म्या मुलींचे पत्ते कोणापाशीच नसतात. ज्या भागात मुलींना कॉलेजपर्यंत आणायला दोन पिढ्या खर्ची पडल्या, तिथे शिकून गेलेल्या मुलींचा ठावठिकाणा संस्थेला नसावा, ही साधी चूक नाही. मुलीच्या शिक्षणाने तिच्या घरात काय बदलले, याचा पुरावाच त्यामुळे हातचा जातो.

यावर पहिला आक्षेप पैशाचा येतो. संस्थाचालक म्हणतात, नोंदी आणि भावना ठीक, पण छप्पर गळते आहे आणि वेतनेतर अनुदान तुटपुंजे आहे. आम्हाला देणगीदार हवेत, आणि देणगीदार मोठ्या नावांतच सापडतात. नंदन नीलेकणींनी २०२३ मध्ये आयआयटी मुंबईला ३१५ कोटी रुपये दिले, हे उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते. अडचण खरी आहे. पण त्या संस्थेचेच नीट पाहिले तर दिसते की तिथे पदवीला पंचवीस वर्षे झालेली प्रत्येक बॅच मिळून काही देते, ही रीत रुजलेली आहे; मोठी देणगी अशा मशागत केलेल्या जमिनीत येते. वालचंदसारख्या महाविद्यालयाला ही वाट जवळची आहे, कारण तिथे बॅचचा जिव्हाळा मुळातच घट्ट असतो. कला-वाणिज्य शाखेच्या ग्रामीण कॉलेजाचा माजी विद्यार्थी मात्र लाखांत देणार नाही. तो वर्षाला पाचशे रुपये देईल, आणि दर वर्षी देईल, जर मागच्या पाचशेंचे काय झाले हे त्याला कळले तर. कर्मवीर भाऊरावांनी मुठीमुठीने धान्य जमवले त्यामागे हेच गणित होते: थोडे, नियमित आणि अनेकांकडून. एका मोठ्या देणगीदाराच्या नावाची कोनशिला बसते. हजार लहान देणगीदार संस्थेला प्रश्न विचारतात. संस्थाचालकांना पहिला प्रकार का आवडतो, हे त्यामुळे समजण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप याच प्रश्न विचारण्याचा. माजी विद्यार्थ्यांना कारभारात घेतले तर गावचे राजकारण कॉलेजात शिरेल, असे म्हटले जाते. सातारा-सांगलीतल्या शिक्षणसंस्था, साखर कारखाने आणि सहकारी बँका यांचे नेतृत्व अनेक ठिकाणी एकाच घरात किंवा गटात असते, हे ज्याला माहीत आहे त्याला या भीतीचा अर्थ वेगळा सांगायला नको. राजकारण बाहेरून यायचे राहिलेले नाही. शिवाय कायद्याने ही जागा आधीच दिलेली आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून जातात. पदवीधरांच्या मताची ही कल्पना आपल्याकडे १९०४ च्या विद्यापीठ कायद्यापासूनची आहे. २०१६ च्याच कायद्याने महाविद्यालय विकास समितीवर किमान एक माजी विद्यार्थी असावा असे ठरवले आहे. हार्वर्डच्या पर्यवेक्षक मंडळाची निवड १८६५ पासून पदवीधर करतात आणि ते विद्यापीठ त्यामुळे बुडालेले नाही. आपल्याकडे अडते ते अंमलात. पदवीधर म्हणून नाव नोंदवायला वेगळा अर्ज करावा लागतो हेच बहुतेकांना ठाऊक नसते. निवडणूक जवळ आली की संघटना गठ्ठ्याने अर्ज भरून घेतात आणि मतदारयादी त्यांच्या सोयीची होते. विकास समितीवरचा माजी विद्यार्थी संस्थाच नेमते, त्यामुळे तो बहुधा होकाराला होकार देणारा असतो. याला उपाय अवघड नाही. पदवीपत्रासोबत नोंदणीचा अर्ज हातात द्यावा, आणि विकास समितीवरची ती एक जागा नोंदणीकृत माजी विद्यार्थी संघाने सुचवलेल्या व्यक्तीलाच देण्याचा संस्थेने आपणहून पायंडा पाडावा. हजारो विद्यार्थी असलेल्या कॉलेजात एका स्वतंत्र माणसाच्या प्रश्नांनी कोणाचे सिंहासन हलणार नाही. वसतिगृहातल्या जेवणाबद्दल आणि रिकाम्या प्राध्यापकपदांबद्दल निदान कोणी तरी विचारील.

तिसरा आक्षेप मला सर्वांत मनापासूनचा वाटतो. माणसे आठवणींसाठी येतात, त्यांना पुन्हा एकदा त्या बाकावर बसायचे असते; त्या आनंदावर नोंदवह्या आणि समित्यांचे ओझे कशाला? आठवणींना कमी लेखणारा मी नाही. उलट आठवणींची आपण करतो ती हेळसांडच मला अधिक खटकते. शताब्दीची स्मरणिका उघडून पाहावी. आधी मंत्र्यांचे आणि पदाधिकाऱ्यांचे शुभेच्छा संदेश, मग छायाचित्रे, मग साखर कारखाने, पतसंस्था आणि सराफांच्या जाहिराती, आणि या सगळ्यांतून उरलेल्या पानांत दहा-बारा माजी विद्यार्थ्यांचे लेख, तेही बहुधा नामवंतांचे. विलिंग्डनसारख्या कॉलेजात वि. कृ. गोकाक प्राचार्य होते, रं. श्री. मुगळी कन्नड शिकवत होते, पु. ल. देशपांडे विद्यार्थी होते. म्हणजे मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांतली मुले तिथे एका आवारात वाढली, आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेने त्यांना दोन राज्यांत वाटून टाकले. बेळगाव-विजापूरकडून येऊन सांगलीत शिकलेल्या साध्या विद्यार्थ्याची आठवण आज किती मोलाची आहे! सीमाप्रश्नावरच्या भाषणांतून जे कळत नाही ते त्याच्या खोलीतल्या सोबत्याच्या हकिगतीतून कळेल. अशा आठवणी बोलक्या करून, ध्वनिमुद्रित करून ठेवणे हे वर्धापनाचे खरे काम आहे. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आणि त्यानंतरच्या मार्चपासूनची टाळेबंदी यांनी या भागातल्या जुन्या कागदांचे आणि जुन्या माणसांचे काय केले ते आपण पाहिले आहे. ओलसर तळघरात ठेवलेले रजिस्टर पुढच्या पुराची वाट पाहत असते.

मनुष्यबळ नाही, ही शेवटची तक्रार उरते. कार्यालयात लिपिकांची पदे रिकामी आहेत, हे नाकारता येत नाही. पण रजिस्टरांची पाने स्कॅन करणे, नावे संगणकावर चढवणे, फोन करून पत्ते ताजे करणे, वृद्ध माजी विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेणे, ही कामे 'कमवा आणि शिका'तल्या मुलांना तासाच्या मेहनतान्यावर देता येतील. बागेतल्या आणि ग्रंथालयातल्या कामाइतकेच हे काम प्रतिष्ठेचे आहे, आणि ते करणारा मुलगा स्वतःच्या आधीच्या चार पिढ्यांशी बोलत असतो. जात आणि जन्मतारीख यांसारखा तपशील उघड करायचा नाही, संमतीशिवाय कोणाचा क्रमांक कोणाला द्यायचा नाही, एवढी शिस्त हवी. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानंतर तर ती टाळताच येणार नाही. मुलींच्या नोंदीत माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे शोधता येतील एवढी सोय पहिल्या दिवसापासून करावी. आणि वर्षातून एकदा, मेळावा असो वा नसो, संघाचा जमाखर्च प्रत्येक सदस्याला पाठवावा.

यासाठी पुढच्या शताब्दीची वाट पाहण्याचे कारण नाही, आणि तेवढा वेळही नाही. सांगलीचे चिंतामणराव वाणिज्य महाविद्यालय आणि कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय ही दोन्ही १९६० ची आहेत. २०३५ मध्ये त्यांचा अमृतमहोत्सव येईल आणि तेव्हा समित्या नेमल्या जातील, पहिल्या बॅचचा सत्कार करायचा असे ठरेल. १९६० साली सतरा-अठरा वर्षांचा असलेला विद्यार्थी त्या वेळी ब्याण्णव-त्र्याण्णव वर्षांचा असेल. त्याचा पत्ता आणि त्याची हकिगत हवी असेल तर त्याला यंदा फोन करायला हवा.